वर्ध्याचे खानखोजे, चापिंगोचे खानखोजे

रामाकोन्यातून निघालेली गाडी सौसर, लोधीखेडा, केळोद, सावनेर करत नागपूरला पोहोचते आणि तिथून पुढे तेवढ्याच अंतरावर वर्धा. आपल्या गावच्या माणसाला वर्धा परके वाटत नाही. कुणाची सोयरीक तिकडची, कुणाची आत्या तिकडे दिलेली. त्या वर्ध्याच्या एका मुलाची ही गोष्ट आहे. बाविशीच्या आसपास तो देश सोडून गेला, जपान, अमेरिका, इराण, जर्मनी, रशिया असा भटकत शेवटी मेक्सिकोत स्थिरावला, तिथे शेतीचा प्राध्यापक झाला, तिथेच संसार मांडला आणि म्हातारपणी परत आला तो नागपूरला. नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळात एक विषय सारखा निघतो. शिकलेली मुले पुण्याला जातात, तिथून आणखी पुढे परदेशात जातात, आणि मग परत येतील की नाही हे घरच्यांनाही विचारवत नाही. खानखोजे यांचे चरित्र वाचताना हा विषय माझ्या मनात होता, हे आधीच सांगून टाकतो. ते गेले मात्र वेगळ्या कारणासाठी, वेगळ्या काळात.

त्यांचा जन्म नोव्हेंबर १८८४चा, वर्ध्याचा. त्या वेळी वर्धा, नागपूर, छिंदवाडा हे सगळे एकाच मध्य प्रांतात होते आणि नागपूर ही राजधानी. म्हणजे सौसर आणि वर्धा एकाच सरकारच्या कागदावर होते. सुरुवातीचे शिक्षण वर्ध्याला आणि पुढचे नागपूरला झाले. त्यांच्या मुलपणी मध्य प्रांतावर दोन मोठे दुष्काळ आले. पहिला १८९६-९७चा आणि तो सरतो न सरतो तोच १८९९-१९००चा. पहिल्या दुष्काळाच्या वेळी ते बारा वर्षांचे होते, दुसऱ्याच्या वेळी पंधरा. सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडणारी, वावर असूनही अन्नाला मोताद झालेली कुटुंबे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिली. पुढे या माणसाने क्रांती आणि शेती या दोनच गोष्टींना आयुष्य दिले, याचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही.

लोकमान्य टिळकांचा प्रभाव त्या काळात नागपूर-वऱ्हाडात जबर होता. १९०५ साली बंगालची फाळणी झाली, स्वदेशीची चळवळ पेटली. त्याच साली जपानने रशियाचा पराभव केला आणि आशियातला देश युरोपियन सत्तेला हरवू शकतो हे शाळकरी पोरांनाही कळले. तरुण खानखोजे यांच्या डोक्यात सशस्त्र उठावाचा विचार पक्का झाला. त्यासाठी लष्करी शिक्षण हवे, ते इथे मिळणार नाही, तेव्हा बाहेर जायला हवे. टिळकांचाही सल्ला तसाच होता असे सांगतात. १९०६-०७च्या सुमारास ते आधी जपानला आणि तिथून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्नियात पोहोचले.

आता आजच्या मुलाचे परदेशात जाणे डोळ्यांसमोर आणा. विमानतळावर निरोप, पोहोचल्याचा फोन, दुसऱ्या दिवशी खोलीचे फोटो. खानखोजे यांच्या घरच्यांच्या वाट्याला आले ते मौन. गुप्तपणे काम करणाऱ्या माणसाने घरी पत्र टाकणे म्हणजे घरावर पोलिसांची नजर ओढवून घेणे. अशी अनेक वर्षे गेली.

अमेरिकेत त्यांनी मिळेल ती मजुरी करून शिक्षण केले. कॅलिफोर्नियात काही काळ एका लष्करी शाळेत प्रवेश घेतला. मूळ हेतू तोच होता. त्याचबरोबर शेतीशास्त्र धरले. ऑरेगन राज्यातल्या कॉर्व्हॅलिस येथील कृषी महाविद्यालयात ते शिकले आणि पुढे वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथील राज्य महाविद्यालयातून १९१३ साली पदवी घेतली. पुलमनच्या परिसरातली शेती कोरडवाहू, गव्हाची. कमी पावसात पीक कसे काढायचे, जमिनीतली ओल कशी टिकवायची हा तिथला रोजचा प्रश्न. सातपुड्याच्या पायथ्याशी ज्याच्या वावरात पऱ्हाटी आणि तूर वरच्या पाण्यावर उभी असते, त्याला या अभ्यासाचे मोल समजावून सांगायची गरज नाही.

त्याच किनाऱ्यावर त्या वेळी हजारो पंजाबी मजूर लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेच्या कामांवर आणि शेतांवर राबत होते. बहुतेक शीख शेतकरी, त्यांतले कितीतरी ब्रिटिश फौजेत नोकरी करून आलेले. गोऱ्या मजुरांना ते नको होते. सप्टेंबर १९०७मध्ये बेलिंगहॅम गावात जमावाने हिंदी मजुरांच्या वस्तीवर हल्ला करून त्यांना गावाबाहेर हाकलले. आपण ज्या साम्राज्याची प्रजा आहोत ते साम्राज्य आपल्या बाजूने उभे राहत नाही, हे या मजुरांना परदेशात कळले. खानखोजे त्यांच्यात मिसळले. पोर्टलंडमध्ये पंडित कांशीराम यांच्यासारख्या माणसांबरोबर त्यांनी संघटना बांधली. त्या कामातून आणि इतरांच्या प्रयत्नांतून १९१३ साली पॅसिफिक किनाऱ्यावरची हिंदी लोकांची संघटना उभी राहिली. सोहनसिंग भकना तिचे अध्यक्ष, लाला हरदयाळ चिटणीस. १ नोव्हेंबर १९१३ला सॅन फ्रान्सिस्कोतून तिचे ‘गदर’ हे पत्र निघाले आणि पुढे सगळी चळवळच गदर या नावाने ओळखली गेली. हरदयाळांकडे प्रचार आणि खानखोजे यांच्याकडे प्रत्यक्ष लढ्याची तयारी, अशी साधारण वाटणी होती.

गदर म्हटले की आपल्याकडे पंजाबचे नाव निघते आणि ते योग्यच आहे. बळी त्यांचेच अधिक गेले. पण या पंजाबी शेतकऱ्यांच्या चळवळीत वर्ध्याचा एक मराठी तरुण पुढारीपणाने वावरत होता, आणि दुसरा मराठी तरुण तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे होता. पिंगळेही शिकायलाच अमेरिकेत गेला होता. महायुद्ध सुरू होताच तो हिंदुस्थानात परतला, छावण्यांतल्या शिपायांत उठावाची तयारी करताना पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभाबरोबर फासावर गेला. खानखोजे त्या वेळी लाहोरात असते तर त्यांचेही तेच झाले असते. त्यांची वाट दुसरी निघाली, एवढेच.

ती वाट इराणमधून जात होती. जर्मनीच्या मदतीने इराण-बलुचिस्तानच्या बाजूने हिंदुस्थानच्या सीमेवर धडक मारायची, असा बेत होता. खानखोजे नाव बदलून तिकडे गेले. सूफी अंबाप्रसाद, प्रमथनाथ दत्त असे सहकारी बरोबर होते. शिराझ, केरमान या भागात त्यांनी स्थानिक टोळ्यांना बरोबर घेऊन इंग्रजांशी झुंज दिली. पण १९१६नंतर सर पर्सी सायक्सने दक्षिण इराणात फौज उभारली आणि बेत कोसळला. अंबाप्रसाद शिराझला गेले ते परत आले नाहीत. खानखोजे पकडले गेले, निसटले आणि कश्काई टोळ्यांच्या आश्रयाने युद्ध संपेपर्यंत डोंगरांत राहिले. या चार वर्षांवर एक मोठी कादंबरी होईल. इथे मी ती एका परिच्छेदात आटोपतो आहे, कारण मला त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे जायचे आहे. बंदूक हातात असलेल्या खानखोजे यांच्याविषयी बरेच सांगितले जाते, बियाण्याची पिशवी हातात असलेल्यांविषयी कमी.

युद्धानंतर ते बर्लिनला आले. १९२१ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त वगैरे मंडळींबरोबर मॉस्कोला गेले. तिथे हिंदी क्रांतिकारकांतच दोन तट पडले होते आणि हाती फारसे लागले नाही. हिंदुस्थानात परतायचे तर तुरुंग किंवा फास. अमेरिकेचे दरवाजे बंद झालेले. चाळिशीला आलेला, पैसा नसलेला आणि कुठल्याच देशाला नको असलेला माणूस जाणार कुठे? १९२४ साली ते मेक्सिकोत उतरले.

मेक्सिकोच का, याला कारण होते. १९१० ते १९२० अशी दहा वर्षे तिथे क्रांती चालली. तिच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न होता. मोठमोठ्या जहागिऱ्या, ज्यांना तिथे हासिएंदा म्हणतात, आणि त्यांवर राबणारे भूमिहीन शेतकरी. क्रांतीनंतरचे सरकार या जहागिऱ्या फोडून गावांना जमीन देऊ लागले होते. अमेरिकेतल्या दिवसांत खानखोजे यांची काही मेक्सिकन क्रांतिकारकांशी ओळख झाली होती, ती आता कामी आली. मेक्सिको शहराजवळ तेश्कोको गावापाशी चापिंगो येथे अशाच एका जुन्या हासिएंदात राष्ट्रीय कृषी विद्यालय नुकतेच आणले होते. तिथे खानखोजे यांना अध्यापकाची नोकरी मिळाली. विषय वनस्पतिशास्त्र आणि पिकांची पैदास. शिकवायचे स्पॅनिशमधून.

चापिंगो समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे. दिवसा ऊन, रात्री थंडी, आणि वेळी-अवेळी पडणारे हिव. मका हे तिथल्या माणसाचे अन्न. आपल्याकडे ज्वारीची भाकर तशी तिकडे मक्याची तोर्तिया. चुन्याच्या पाण्यात मका शिजवून, दगडी पाट्यावर वाटून, तव्यावर भाजलेली. मूळ मका त्याच देशातला. शेताच्या धुऱ्यावर त्याचा रानटी भाऊबंद तेओसिंते आजही उगवतो. खानखोजे यांनी या रानटी गवताचा आणि मक्याचा संकर करून पाहिला. हिवाला न डगमगणारे, कमी पाण्यावर येणारे आणि जास्त दाणा देणारे वाण शोधणे हा त्यांचा ध्यास होता. एका खास मक्यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्या मक्याला ते ‘माईस ग्रानादा’ म्हणत. ग्रानादा म्हणजे डाळिंब. मक्याखेरीज गहू, कडधान्ये, रबर यांवरही त्यांचे काम झाले.

मला त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते ते मात्र विद्यालयाच्या भिंतीबाहेरचे. जमीन मिळालेल्या शेतकऱ्याला शेतीचे नवे ज्ञान कोण देणार? तो काही चापिंगोला शिकायला येणार नव्हता. तेव्हा खानखोजे आणि त्यांचे साथीदार गावांत गेले आणि तिथेच मोफत शाळा काढल्या. ‘एस्कुएलास लिब्रेस दे आग्रिकुल्तुरा’, म्हणजे मुक्त कृषिशाळा. दिवसभर शेतात राबून आलेला शेतकरी तिथे यायचा. बियाणे कसे निवडावे, खत कसे करावे, जमीन कशी जपावी हे त्याला त्याच्याच गावात शिकवायचे. तेश्कोकोजवळच्या ओकोपुल्को गावातल्या शाळेला शेतकऱ्यांचा नेता एमिलियानो सापाता याचे नाव दिले होते. १९२८च्या सुमारास इटालियन छायाचित्रकार तिना मोदोत्ती हिने या शाळांची आणि त्यांतल्या शेतकऱ्यांची छायाचित्रे काढली. मोठ्या टोप्या घातलेले, उन्हाने रापलेले ते चेहरे पाहिले की टोपीच्या जागी दुपट्टा बांधून मनातल्या मनात सौसरच्या बाजारात उभे करता येतात.

त्याच वेळी दिएगो रिव्हेरा हा थोर चित्रकार मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या इमारतीच्या भिंती रंगवत होता. त्यातल्या ‘आमची भाकर’ अशा अर्थाच्या चित्रात वेगवेगळ्या थरांतली माणसे एका मेजाभोवती बसली आहेत आणि मधला माणूस भाकर मोडतो आहे. ती आकृती खानखोजे यांची मानली जाते. मेक्सिकोच्या सरकारी इमारतीत, सगळ्या देशाच्या भाकरीच्या चित्रात, मधोमध आपल्या वऱ्हाड-नागपूरकडचा माणूस! हे प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

इथे एक खुलासा करावासा वाटतो. खानखोजे यांना भारतातल्या हरितक्रांतीचे जनक ठरवणारे लेखन आजकाल फिरते. गोष्ट तेवढी सरळ नाही. डॉ. नॉर्मन बोरलॉग १९४४ साली मेक्सिकोत आले. त्यांचे गव्हाचे काम स्वतंत्र होते, पुष्कळ मोठे होते, आणि १९६६ साली भारताने मेक्सिकोतून जे १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले ते त्या कामातून निघालेले. त्यांच्या आधी वीस वर्षे, याच देशात, खानखोजे पिकांच्या सुधारणेसाठी आणि त्याहून अधिक म्हणजे गरीब शेतकऱ्यापर्यंत ती पोहोचावी म्हणून राबत होते. एवढे म्हटले तरी माणूस लहान होत नाही. उगाच दुसऱ्याचा फेटा त्यांच्या डोक्यावर ठेवायची गरज नाही.

१९३६ साली खानखोजे यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी विवाह केला. त्यांचे वय एकावन्न-बावन्न. दोन मुली झाल्या. नावे ठेवली सावित्री आणि माया. घरात मराठी बोलणारा माणूस एकटा, बायको फ्रेंच बोलणारी, गावाची भाषा स्पॅनिश. तरी मुलींच्या नावांत वर्धा राहिले. परदेशात राहणारी आपली मंडळी आजही नाव ठेवताना असाच विचार करतात. मुलांना भाषा येईल न येईल, नाव तरी आपले असू दे.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. आता परत जाता येईल, असे त्यांना वाटले असणार. त्यांनी प्रवेशाची परवानगी मागितली आणि ती नाकारली गेली! इंग्रजांनी ज्यांना देशात पाऊल ठेवू द्यायचे नाही म्हणून यादी केली होती, त्या यादीत त्यांचे नाव होते. इंग्रज गेले, यादी राहिली. ज्या देशासाठी चाळीस वर्षे बाहेर काढली, त्या देशाच्या कचेरीत हा माणूस अजूनही बंडखोर होता. सरकारी कागद एकदा तयार झाला की तो किती टिकाऊ असतो, हे आपल्याकडे जातीचा दाखला किंवा सातबारा काढायला गेलेल्याला ठाऊक असते. पण हा अनुभव त्याहून कितीतरी कडू. शेवटी ती बंदी उठली. १९४९ साली आपल्याच मध्य प्रांताच्या सरकारच्या निमंत्रणावरून, शेतीविषयी सल्ला देण्यासाठी, ते भारतात आले. गेले तेव्हा मिसरूड फुटलेले, आले तेव्हा पासष्टीचे.

त्यानंतर १९५०च्या दशकात त्यांनी मेक्सिको सोडून कुटुंबासह नागपुरात घर केले. हा निर्णय मला त्यांच्या सगळ्या धाडसांत अवघड वाटतो. मेक्सिकोत नाव होते, काम होते, मान होता, हवापाणी अंगवळणी पडले होते. इथे त्यांना ओळखणारे किती उरले होते? बरोबरीचे बहुतेक गेलेले, चळवळीतल्या लोकांची नवी पिढी वेगळ्याच वाटेने गेलेली. बायकोला नागपूरचा उन्हाळा नवा, मुलींना तर सगळेच नवे. म्हणजे वडील वयाच्या बाविशीत ज्या अनुभवातून गेले, तोच मुलींच्या वाट्याला उलट्या दिशेने आला. त्यांना परदेश म्हणजे भारत होता.

आणि मग १ नोव्हेंबर १९५६ आला. राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर, वर्धा मुंबई राज्यात गेले, पुढे १९६०ला महाराष्ट्रात. सौसर, पांढुर्णा, रामाकोना मध्य प्रदेशात राहिले. खानखोजे ज्या प्रांतात जन्मले आणि ज्या प्रांताच्या बोलावण्यावरून परत आले, त्याचे त्यांच्या डोळ्यांदेखत दोन भाग झाले. एक गंमत सांगतो. त्यांनी पन्नास वर्षांत अर्धे जग पालथे घातले आणि शेवटी महाराष्ट्रात पोहोचले. आपले आजे-पणजे रामाकोन्याच्या ओट्यावरून हलले नाहीत, तरी परराज्यातले मराठी ठरले. हे मंडळ निघण्याचे कारणही तेच.

जानेवारी १९६७मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. वय ब्याऐंशी. नंतर बरीच वर्षे त्यांचे नाव फारसे कुठे निघत नसे. मराठीत वीणा गवाणकर यांनी ‘डॉ. खानखोजे : नाही चिरा...’ हे चरित्र लिहिले आणि ते पुष्कळांना प्रथमच भेटले. इंग्रजीत त्यांची कन्या सावित्री साहनी यांनी २००८ साली वडिलांच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. सप्टेंबर २०२२मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला मेक्सिकोला गेले असताना चापिंगोच्या विद्यापीठात खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

आपल्या रामाकोन्याच्या वर, घाट चढून भीमालगोंदी ओलांडली की छिंदवाड्याचे पठार लागते. संत्री आणि कापूस मागे पडतात आणि पावसाळ्यात दोन्ही बाजूंना मकाच मका दिसतो. मध्य प्रदेशात मक्यासाठी छिंदवाड्याचे नाव पहिल्याने घेतात. २०१८ साली तिथे मक्याचा महोत्सवही भरला होता. ऑगस्टमध्ये गाडीने त्या बाजूला जाणे झाले तर खिडकीपाशी बसा. तुरे आलेली शेते आहेत, एखाद्या धुऱ्यावर दुपट्टा बांधलेला शेतकरी उभा असतो. खानखोजे यांचे चरित्र हवे असल्यास मंडळाच्या कपाटात एक प्रत आहे. नेणाऱ्याने वहीत नाव लिहावे आणि महिन्याभरात परत आणून द्यावी, कारण मागे दोघेजण वाट बघत आहेत.